माल आणि झोप, एकाच पेटीत

शनिवार, रात्री उशिरा

आज माझ्या ट्रेलरचा तळ बसला, गाडीमागे ओढायचा, दिवसा माल न्यायचा आणि रात्री आत झोपायचं असा तो ट्रेलर. हाताचा ग्लू अजून निघत नाहीये, घासून घासून बोटं लाल झाली, पण आजचं आजच लिहायचं म्हणून बसले. दोन महिने नुसत्या वहीत रेघोट्या चालल्या होत्या आणि आज पहिल्यांदा त्या लोखंडी सांगाड्यावर आठ बाय चारचा प्लाय पडला, आणि शेवटचा बोल्ट कसून झाला तशी मी त्यावर सरळ आडवीच झाले, वर नुसतं आकाश. बाबा म्हणाले, "अगं ग्लू तरी सुकू दे!" पण मला बघायचंच होतं पाय नीट पसरतात का ते. पसरतात, उशाशी बॅग ठेवण्याइतकी जागा उरते.

सांगाडा मी केलेला नाही, वेल्डिंग नीट येणाऱ्या माणसाकडून करून घेतला. लाकडाचं काम चुकलं तर स्क्रू काढून परत करता येतं, पण रस्त्यावर धावताना वेल्डिंगचा सांधा सुटला तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल. तिथे शिकत शिकत करायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. अॅक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा कणा, चाकं, पाट्यांची स्प्रिंग, पुढचा दांडा आणि त्याच्या टोकाला गाडीच्या हुकवर बसणारा कपलर एवढं तयार आलं, त्याच्यावरचं सगळं लाकूड माझं.

माप ठरवायला वेळच लागला नाही, प्लायची शीट 244 सेंटीमीटर बाय 122 सेंटीमीटर, मग तळ तेवढाच, न कापता. एक कापणी वाचली की एक उघडी कड वाचते, आणि प्लायमध्ये पाणी शिरतं ते कडेतूनच. सपाट बाजूवर पाणी पडलं तर रंग सांभाळून घेतो, पण कडेला थरांच्या नसा उघड्या असतात, त्या पाणी ओढून घेतात, मग थर फुगतात आणि एकदा फुगला की तो प्लाय गेलाच. म्हणून आज अर्धा दिवस फक्त कडा भिजवण्यात गेला, इपॉक्सीचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेचा, पहिला हात लगेच पिऊन टाकला लाकडाने, दुसराही बराचसा प्यायला, तिसरा कुठे वर चकाकत राहिला. लोखंड आणि प्लाय यांच्यामध्ये रबराची पट्टी घातलीय, नाहीतर त्या फटीत पाणी धरून राहतं आणि दोन्ही खराब होतं.

रविवार

भिंती. 9 मिलीमीटरचा प्लाय, आतून पातळ फळ्यांची चौकट, ग्लू आणि स्क्रू दोन्ही. नुसत्या स्क्रूवर ठेवलं तर रस्त्याच्या हादऱ्याने स्क्रू आपापलं भोक मोठं करत बसतो, आणि नुसता ग्लू असेल तर तो सुकेपर्यंत धरायला काही नाही, स्क्रू धरून ठेवतो आणि खरं जोडतो तो ग्लू. आधी बारीक ड्रिलने भोक, मगच स्क्रू, घाईत दोन ठिकाणी तसाच मारला आणि दोन्ही ठिकाणी फळी उभी चिरली. त्या फळ्या बदलल्या.

आजवर थेंबाच्या आकाराचे ट्रेलर बघत आलेय आणि मला ते मनापासून आवडतात. 1930 च्या दशकात अमेरिकेत लोक ते घरच्या घरी बांधायचे, मासिकांत त्याचे नकाशे छापून यायचे, आत दोघांपुरती झोपायची जागा आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. पण मला त्याच पेटीतून कपाट पण न्यायचंय, मातीची पोती पण, सायकल पण. मागे गोल उतरता आकार दिला की नेमकी मालाची जागा जाते. म्हणून माझा चौकोनीच, फक्त पुढची बाजू वर तिरकी, वारा कापायला.

गुरुवार

कामावरून आल्यावर एक तास मिळतो. छताच्या कमानी लावल्या, त्यांच्यावर 6 मिलीमीटरचा प्लाय वाकवून बसवला.

शनिवार

आज एक गोष्ट झाली ती नीट लिहून ठेवते, कारण मला ती आधी सुचायला हवी होती.

मागचं दार लावलं. जाड बिजागऱ्या, दोन मोठ्या कड्या, मालाच्या ट्रेलरला असतात तशा, बाहेरून ओढून खिट्टी टाकायची. एकदम घट्ट बसलं. मग आत अंधार किती होतो, फटी कुठे दिसतात ते बघायला मी आत बसले आणि बाबांना म्हटलं दार लावून घ्या. त्यांनी लावलं, सवयीने कडी ओढली, आणि तेवढ्यात त्यांचा फोन आला म्हणून ते बोलत बोलत लांब गेले. मी आत, फटी शोधतेय, एक सापडली पण, वरच्या उजव्या कोपऱ्यात केसासारखी उजेडाची रेघ, तिला पेन्सिलने खूण केली. मग दार ढकललं. हललंसुद्धा नाही. आतून काहीच नव्हतं, ना कडी ना मूठ, गुळगुळीत प्लाय. जेमतेम दोन मिनिटं असतील, बाबा आले, उघडलं, पण त्या दोन मिनिटांत माझ्या तळहातांना घाम सुटला होता.

मालाची पेटी बाहेरून बंद व्हायला हवी आणि झोपायची खोली आतून उघडायला हवी, या दोन्ही गोष्टी मी रोज वेगवेगळ्या डोक्यात ठेवून काम करत होते आणि दार मात्र एकच होतं. मग त्या कड्या काढल्या. आता आतून-बाहेरून दोन्हीकडून फिरणारी मूठ बसवलीय, कुलूप लागलं असलं तरी आतून उघडते अशी, आणि बाजूच्या भिंतीत एक खिडकी, फक्त हवेसाठी नाही, माणूस बाहेर पडेल एवढी मोठी. त्यासाठी भिंत कापावी लागली आणि चार नवीन कडा उघड्या पडल्या, परत इपॉक्सी, परत तीन हात. असू दे.

रविवार

माल बांधायच्या कड्यांचं पण तेच. तळावर कड्या हव्यात, नाहीतर ब्रेक मारला की सामान पुढे येतं, पण रात्री त्याच कड्या गादीखालून पाठीला टोचणार. म्हणून खोबणीत बसणाऱ्या घेतल्या, वापर नसताना तळाशी सपाट होतात. पटाशीने आठ खाचा पाडल्या, प्रत्येकीला तासभर. पाचव्या खाचेपासून हात बसला, थर सोलत जाताना कुठला आडवा आणि कुठला उभा ते आवाजावरून कळायला लागलं, उभ्या नसांत पटाशी सरकन जाते आणि आडव्यांत कुरकुरते. आता सहावी, सातवी, आठवी बघितली की हात फिरवावासा वाटतो.

छताच्या प्लायवर कॅनव्हास लावला, खाली ग्लू, वरून बाहेरच्या रंगाचे हात. कोपऱ्यांना अॅल्युमिनियमचा अँगल आणि त्याखाली ब्युटाइलची टेप, पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी. सिलिकॉन मुद्दाम नको म्हटलं, त्याच्यावर रंग धरत नाही आणि काही वर्षांनी निघालं की जुन्यावर नवीन सिलिकॉन पण चिकटत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं.

मंगळवार

वहीतली वजनं आज जुळवली. सुरुवातीपासून जे जे वर चढलं ते तोलून लिहीत आलेय, ट्रेलरमध्ये वजन नुसतं किती यापेक्षा कुठे हे जास्त महत्त्वाचं. पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या हुकवर, एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पडायला हवा. त्याहून कमी झाला की वेगात ट्रेलर मागे शेपटीसारखा डुलायला लागतो आणि डुलणं वाढत जाऊन गाडीलाच ओढतो. फार जास्त झाला तर गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही नीट लागत नाहीत.

एकूण 350 किलो भरलं, सामानासकट. घरातला वजनकाटा दांड्याखाली ठेवला, त्यावर हुकच्या उंचीएवढा कापलेला लाकडाचा ठोकळा, ट्रेलर बरोबर आडवा, लेव्हल लावून बघितला, आणि कपलर त्या ठोकळ्यावर टेकवला. 19 किलो. साडेपाच टक्के पण नाही! माझा अंदाज 40 च्या आसपास होता. मग लक्षात आलं, 20 लिटरचा पाण्याचा कॅन आणि हत्यारांची 5 किलोची पिशवी मी दाराजवळ ठेवली होती, हाताशी म्हणून. ती दोन्ही दोन मीटर पुढे, तिरक्या भिंतीच्या आत सरकवली. काटा 41. पंचवीस किलो नुसतं जागचं हललं आणि हुकवर 22 किलो वाढले. कपलरपासून अॅक्सल दोन मीटर तीस सेंटीमीटरवर आहे, गणित मांडलं तर बरोबर तेवढंच येतं. मी दोनदा मांडलं आणि दोन्ही वेळा आलं तेव्हा फार बरं वाटलं.

आता तिथे पुढे पाण्याच्या कॅनसाठी लाकडी कठडाच केलाय. कॅन दुसरीकडे राहणारच नाही.

शुक्रवार

पण हे सगळं चाललेल्या ट्रेलरचं. उभ्या ट्रेलरचं वेगळंच निघालं.

संध्याकाळी गाडीपासून सोडवला, पुढच्या छोट्या चाकावर टेकवला, सामान सगळं बाहेर काढलं, झोपताना असतं तसं मोकळं. आणि मी मागच्या दारात बसले बूट काढायला. आधी काहीच नाही, मग मी थोडी मागे रेलले आणि समोरचं सगळं हळूच वर उचलायला लागलं, दांडा हवेत, पुढचं चाक हवेत, मागची कड जमिनीकडे. मी पटकन उतरले, तो धाडकन परत पुढे आपटला. ठोकळा तिथेच असता तर कपलर वाकला असता.

दिवसा मी जे वजन पुढे सरकवलं होतं तेच रात्री बाहेर निघतं, आणि माणूस चढतो तो नेमका अॅक्सलच्या मागून. दिवसाचा तोल रात्री कामाचा नाही. मागे दोन्ही कोपऱ्यांना खाली सोडायचे पाय हवेत, स्क्रूने वरखाली होणारे, आणि ते आधी टेकवल्याशिवाय कोणी आत चढायचं नाही. हे मी दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात रंगवणार आहे, भाची बरोबर येणार आहे आणि ती आधी पळत चढेल.

रविवार

पाय लागले. दिवे लागले, मागचे, वळायचे, ब्रेकचे, सगळे गाडीतून एकेक तपासले. कपलरखालून साखळ्या एकमेकींना छेदून लावल्या, हुक सुटला तरी दांडा त्या झोळीत पडतो, जमिनीत रुतत नाही. चाकांचे नट थोडं अंतर गेल्यावर परत कसायचे असतात, तीसेक किलोमीटर गेले, थांबले, हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, हाताने चाचपले, कोमट, दोन्ही सारखेच. एक नट पाव फेरा फिरला. रिव्हर्स घेताना स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात ठेवायचा, जिकडे हात जाईल तिकडे ट्रेलरची शेपूट जाते, हे ऐकलं होतं, आज जमलं. छोटा ट्रेलर फार पटकन वळतो, थोडं थोडंच फिरवायचं.

पुढचा शनिवार, पहाटे पाच

ट्रेलरमध्ये बसून लिहितेय, टॉर्च तोंडात धरून. रात्री दोनच्या सुमाराला पाऊस आला. छतावर आवाज एवढा मोठा की भाची उठून बसली, मग म्हणाली, "मावशी, आपण ढोलकीत झोपलोय," आणि परत झोपली. मला काही झोप येईना, मी बोटांनी एकेक कोपरा चाचपत बसले.

छतावर आतून थेंब होते तेव्हा पोटात गोळाच आला. पण चाटून आणि पुसून बघितलं, गळती नव्हती, आमचाच श्वास होता. दोन माणसं एका रात्रीत श्वासातून आणि अंगातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात, आणि गार प्लायवर ते साठतं. खिडकी बोटभर उघडली, छताजवळची झडप पूर्ण उघडली, म्हणजे खालून गार हवा आत आणि वरून दमट हवा बाहेर. तासाभरात थेंब कमी झाले. छताला आतून थर्माकोल लावायचा, वर पातळ प्लाय, हे आता ठरलं. आणि चहा कितीही थंडी असली तरी बाहेरच, आत स्टोव्ह नाही म्हणजे नाही, बंद पेटीत जळणाऱ्या ज्योतीतून निघणारा विषारी वायू दिसत पण नाही आणि माणूस झोपेतच जातो.

पेन्सिलची ती खूण अजून आहे, वरच्या उजव्या कोपऱ्यात, त्या फटीत ब्युटाइल भरलं होतं. तिथे बोट फिरवलं, कोरडं. डाव्या मागच्या कोपऱ्यात मात्र अँगलच्या खाली नखाएवढं ओलं आहे, पुसलं की परत येतंय. हे श्वासाचं नाही. उजाडलं की अँगलचे तिथले चार स्क्रू काढते, टेप पूर्ण उचलते, आणि प्लायची कड आत किती भिजलीय ते बघते.