पहिलीच्या मागून कोण आलं?

स्त्रियांच्या इतिहासावर मी बोलू लागले की एक प्रश्न हमखास येतो: “इतक्या ‘पहिल्या’ बायकांमधली तुम्हाला सगळ्यांत मोठी कोण वाटते?” तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एडिथ पेची, एकोणिसाव्या शतकातली इंग्लिश डॉक्टर. ‘पहिल्यां’च्या यादीत तिचं नाव सहसा नसतं, आणि मला नेमकं तेच महत्त्वाचं वाटतं.

पहिली आत शिरली की मागच्यांची वाट मोकळी झाली, असं आपण धरून चालतो. पण एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ साली अमेरिकेत जिनीव्हा मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली, आणि पुढे तिच्या सख्ख्या बहिणीला, एमिलीला, त्याच कॉलेजाने प्रवेश नाकारला. लंडनमध्ये एलिझाबेथ गॅरेटने १८६५ साली सोसायटी ऑफ अपोथेकरीज या संस्थेचा डॉक्टरकीचा परवाना मिळवला, कारण बाईला अडवायला नियमच नव्हता. मग सोसायटीने नियम केला: खासगी शिकवणीवर शिकलेल्यांना परीक्षेला बसता येणार नाही. कॉलेजं बायकांना घेत नव्हतीच. म्हणजे एक बाई आत गेली आणि तिच्या मागे कडी लागली.

एडिथने स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठात डॉक्टरकी शिकायला सोफिया जेक्स-ब्लेकसोबत १८६९ साली प्रवेश घेतला; अशा त्या एकूण सात जणी होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदा बसलेल्यांत ती अव्वल आली, पण होप शिष्यवृत्ती तिच्या खालच्या मुलाला दिली गेली. सबब अशी की बायकांचा वर्ग वेगळा भरत होता. (तो वेगळा भरवायचा, हा निर्णय अर्थातच या मुलींचा नव्हता.) नोव्हेंबर १८७० मध्ये त्या शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा सर्जन्स हॉलच्या दारात जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. शेवटी विद्यापीठाने पदवी दिलीच नाही. त्या सात जणींना ती मिळाली २०१९ साली, मरणोत्तर. हे वाचताना मला आजही राग येतो.

त्या थांबल्या मात्र नाहीत. सोफियाच्या पुढाकाराने १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. एडिथने स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून एमडी मिळवली आणि १८८३ साली ती मुंबईला आली. पुढे कामा हॉस्पिटल तिने सांभाळलं.

मुंबईत त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं. नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निकाल १८८७ साली लागला, तेव्हा तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. १८८८ साली तडजोड होऊन प्रकरण मिटलं. एडिथ त्यांच्या पाठीशी उभी राहिली, डॉक्टर होण्याचा धीर तिने दिला. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या, त्या सोफियाने उभारलेल्या महाविद्यालयात शिकायला. १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले.

एडिंबरात जिला पदवी नाकारली, तिच्यामुळे मुंबईतल्या एका मुलीला डॉक्टर होता आलं. माझ्या लेखी एडिथ मोठी ठरते ती यामुळे.