आमच्या मंडळीचा भजन मेळा

दिवाळी सरली, सकाळी थंडी पडायला लागली, गावाकडं गुऱ्हाळं सुरू झाली की आमच्या घरात एकच विषय असायचा, मेळा कधी आहे. कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा, वर्षातून एकदा भरणारा भजन मेळा, चर्चच्या मागच्या पटांगणात मांडव घालून, शुक्रवारी संध्याकाळी सुरू व्हायचा तो थेट रविवारच्या जेवणापर्यंत. नाताळ आणि ईस्टर हे मोठे सण आहेतच, पण लहानपणी मला कुणी विचारलं असतं की वर्षातला सगळ्यात आनंदाचा वेळ कुठला तर मी मेळ्यातली शनिवारची रात्र सांगितली असती, आणि आज विचारलं तरी तेच सांगेन.

शुक्रवारी दुपारपासून माणसं यायला लागायची. कोडोलीची मंडळी टेम्पो करून यायची, गडहिंग्लज, निपाणीकडची एस्टीनं, मिरजेची रेल्वेनं. स्टँडवरून चालतच येणारी म्हातारी माणसं, हातात पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र आणि कपड्यात गुंडाळलेले टाळ. फाटकातून आत आलं की सलाम, सलाम, आणि मग ज्याच्या घरी जागा असेल त्याच्याकडं पाहुणे वाटून दिले जायचे. आमच्याकडं मिरजेची आत्या आणि तिच्या शेजारणी असायच्या, एका खोलीत आम्ही सगळ्या आडव्या, आणि झोपायच्या आधी आत्या प्रार्थना करायची ती सुद्धा अर्धी गाण्यातच असायची. आई म्हणायची पाहुण्यांना पहिला चहा आणि मग चौकशी, आणि ते खरं होतं कारण चौकशी सुरू झाली की मध्यरात्र ठरलेली.

कोल्हापुरात हे सगळं कुठनं आलं ते आमच्या गुरुजींनी आम्हाला संडे स्कूलमध्ये सांगितलं होतं आणि मला ते आवडतं म्हणून इथं लिहिते. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापूरला आले, त्यांनी शाळा काढल्या, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला आणि पुढं अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना मिशनच्या कामासाठी उभं करणाऱ्या चळवळीतला पुढारी झाला. मिशनरी लोकांनी त्यांच्याकडच्या चाली आणल्या, चार सुरांत गायची पद्धत आणली, त्या चालीवर मराठी शब्द बसवले, आणि ती गीतं अजूनही आमच्याकडं रविवारी सकाळी उभं राहून म्हणतात. ती चांगलीच आहेत. पण आमची आज्जी त्या गीतांना उभी राहायची आणि रेव्हरंड टिळकांच्या भजनाला डोलायची, यातला फरक मला फार लवकर कळला होता. नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे. त्यांनी अभंग, ओवी, पद, कीर्तन हे सगळं ख्रिस्ती उपासनेत आणलं, आणि त्यामुळं माझ्या आज्जीसारख्या शेतात राबलेल्या बाईला देवाची स्तुती स्वतःच्या तोंडानं करता आली. ज्या ओवीवर ती जात्यावर दळत होती त्याच ओवीत ती येशूला हाक मारू शकली, हे किती मोठं आहे!

आता शनिवारची रात्र. जेवणं आटपली की मांडवात सतरंज्या सारख्या करायच्या, मधोमध जागा सोडायची, पेटीवर गुरुजी, ढोलकीला कोडोलीचे दोघं भाऊ, आणि दोन्ही बाजूला टाळकरी. बायका एका बाजूला पण मागं नाहीत, पुढंच, कारण निम्मी गाणी बायकांनाच पाठ असायची, पुस्तक उघडायचीसुद्धा गरज नाही. पहिलं भजन ठाय, म्हणजे संथ लयीत, एकानं ध्रुपद म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. सुरुवातीला आवाज विखुरलेले असायचे, कुणी वर कुणी खाली, लहान पोरं इकडंतिकडं पळतायत, एखादं बाळ रडतंय. मग दुसरं, तिसरं, आणि कधीतरी लय वाढायची, ढोलकी दुगुणीत जायची, आणि त्या क्षणी सगळा मांडव एकाच गळ्यानं गायला लागायचा. तेव्हा अंगावर काटा यायचा. मग म्हातारी माणसं उठून उभी राहायची, टाळ वाजवत पुढं दोन पावलं मागं दोन पावलं, आणि आमचे एक मोठे काका, एरवी मंडळीच्या मीटिंगमधी एवढे गंभीर की आम्ही त्यांच्यापुढं बोलायचो नाही, ते डोळे मिटून नाचायचे.

एकदा कुणीतरी पाळक साहेबांना, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंना, विचारलं की साहेब देवाच्या घरी असं नाचणं शोभतं का. साहेबांनी पवित्र शास्त्रातली दाविदाची गोष्ट सांगितली, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांचा पवित्र पेटारा, यरुशलेमात आणताना दावीद राजा परमेश्वरापुढं सगळं बळ लावून नाचला, आणि त्याची बायको मीखल खिडकीतनं बघत राहिली आणि तिनं मनात त्याला तुच्छ लेखलं. साहेब एवढंच म्हणाले की खिडकीत उभं राहायचं का खाली उतरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

माझा आवाज लहानपणी अगदीच बारीक होता आणि मी आज्जीच्या मागं लपून बसायचे. आज्जी म्हणाली, "अगं सूर लागंना तर टाळ घे हातात, टाळ जमंना तर टाळ्या वाजव, पर गप बसू नगंस. गप बसलीस तर शेजारची बी गप बसंल." तेव्हा वाटलं ती मला धीर देतेय. नंतर बऱ्याच वर्षांनी पवित्र शास्त्रातल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल वाचला, तिथं तो म्हणतो स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक प्रबंध एकमेकांना म्हणून दाखवा, आणि मग लगेच प्रभूला गा. म्हणजे गाणं देवासाठी तर आहेच, पण ते शेजाऱ्यासाठी पण आहे. आज्जीनं पौल कितपत वाचला होता माहीत नाही, तिला अक्षरओळख उशिरा झाली, पण तिला हे कळलेलं होतं. मला वाटतं एकत्र उपासनेचा सगळा अर्थ यातच आहे. एकट्यानं घरी प्रार्थना होते, व्हायलाच पाहिजे, पण ज्या दिवशी माझ्या मनात स्तुतीचा एक शब्द नसतो त्या दिवशी माझ्या बाजूला बसलेली बाई गात असते आणि तिच्या आवाजावर मी उभी राहते, आणि पुढच्या वेळी कदाचित तिच्यासाठी मी.

हे मला सगळ्यात जास्त दिसलं ते २०१९ च्या मेळ्यात. त्या ऑगस्टमधला महापूर कोल्हापूरकर विसरणार नाहीत, पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, गावंच्या गावं बोटीनं बाहेर काढली. आमच्या मंडळीतल्या किती घरांत पाणी होतं, धान्य गेलं, गाद्या गेल्या, फोटो गेले, एका घरातली जुनी पेटी फुगून तिचे सूर कायमचे बसले. नोव्हेंबर जवळ आला तशी कमिटीत चर्चा झाली की यंदा मेळा नको, लोकांच्या घरात चूल नीट लागली नाही आणि आपण मांडव घालून गायचं का. शेवटी ज्यांची घरं बुडाली होती त्यातलेच एक आजोबा उठले आणि म्हणाले, "मेळा करा. खायला वरणभात करा, पर मेळा करा."

म्हणून त्या वर्षी मटण नव्हतं, नाहीतर मेळ्याचं प्रेमभोजन म्हणजे तांबडा-पांढरा आणि मोठ्या पातेल्यातला भात, पहाटेपासून चुलाणं पेटलेली, आणि तरुण संघाची पोरं वाढपी. त्या वर्षी वरणभात, लोणचं आणि कुणीतरी आणलेला गूळ. पाळक साहेबांनी एज्राच्या पुस्तकातला तिसरा अध्याय वाचला. बाबेलच्या बंदिवासातनं परत आलेल्या यहुदी लोकांनी यरुशलेमात मंदिराचा पाया घातला, याजकांनी कर्णे वाजवले, मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांनी झांजा वाजवल्या, आणि ज्या म्हाताऱ्यांनी आधीचं मंदिर बघितलं होतं ते मोठ्यानं रडायला लागले, आणि बाकीचे आनंदानं ओरडत होते, आणि ऐकणाऱ्याला रडण्याचा आवाज कुठला आणि आनंदाचा कुठला ते ओळखता येईना. साहेबांनी पुस्तक मिटलं, त्यावर काहीच बोलले नाहीत, आणि गुरुजींनी पेटी धरली. त्या रात्री आमच्या मांडवात अगदी तसंच झालं. माझ्या पुढं बसलेल्या वहिनी, ज्यांचं सगळं घर गेलं होतं, त्या रडत होत्या आणि गात होत्या, टाळी एकदा सुद्धा चुकली नाही. मी तोवर समजत होते की आधी मन आनंदी होतं आणि मग माणूस गातो. तसं नाहीये. पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते असं प्रेषितांची कृत्यं मध्ये लिहिलंय. आपला प्रभू सुद्धा धरला जायच्या रात्री शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊन मगच जैतुनाच्या डोंगराकडं गेला. परिस्थिती चांगली आहे म्हणून स्तुती करायची असती तर पवित्र शास्त्रातली निम्मी गाणी लिहिलीच गेली नसती.

२०२० ला कोरोनामुळं मेळा झाला नाही. मोबाईलवर एकत्र गायचा प्रयत्न केला, पण प्रत्येकाचा आवाज मागंपुढं पोचायचा, टाळ जुळायचे नाहीत, आणि शेवटी एकानं गायचं आणि बाकीच्यांनी माईक बंद ठेवून ऐकायचं असं ठरलं. ऐकलं, पण मेळा तो नव्हेच.

आता मेळ्यात कीबोर्ड आलाय, ड्रम आलाय, गिटार आहे, पडद्यावर शब्द दिसतात. यावरून आमच्याकडं बरेच वाद होतात. मोठी माणसं म्हणतात हे काय, आणि पोरं म्हणतात आम्हाला आमच्या पद्धतीनं गाऊ द्या. माझं मत विचाराल तर वाद्य कुठलंही चालतं, स्तोत्र १५० मध्ये तर कर्ण्यापासून झांजेपर्यंत सगळी वाद्यं सांगितलीच आहेत आणि शेवटी श्वास असलेल्या प्रत्येकानं स्तुती करावी असं म्हटलंय. फक्त स्पीकर एवढा मोठा नको की शेजारच्याचा आवाजच ऐकू येणार नाही, आणि गाणं एवढं अवघड नको की चार जणांनी स्टेजवर म्हणायचं आणि बाकीच्यांनी बघत उभं राहायचं. आमच्या मेळ्यात स्टेज नव्हतंच कधी, गुरुजी पण सतरंजीवर बसायचे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. गेल्या वर्षी तरुण संघानं छान केलं, शुक्रवारची रात्र बँडची ठेवली आणि शनिवारची भजनाची, आणि शनिवारी तोच ड्रम वाजवणारा मुलगा ढोलकीवाल्या काकांच्या शेजारी बसून ठेका शिकत होता.

यंदाची तयारी सुरू झालीय. पेटी दुरुस्तीला दिलीय, महिला मंडळाची प्रॅक्टिस चालू आहे, कोडोलीकरांनी यायचं कबूल केलंय, आणि वरणभात का तांबडा-पांढरा यावर अजून चर्चा चाललीय पण ते होईल. तुम्ही कुठल्याही मंडळीचे असा, नाहीतर कुठल्याच नसा, या की. पुस्तक नसलं तरी चालेल, मागून म्हणायचं. फक्त रात्री थांबायचं असेल तर पांघरूण बरोबर आणा, मांडवात पहाटेची थंडी लई वाजते.