चार ते सहा, अल्पोपहार

धाकटीच्या लग्नाची बैठक आज साताऱ्यात आमच्याच घरी झाली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची, तीस दिवसांची नोटीस दिली आहे. त्याच दिवशी दुपारी स्वागत समारंभ, पण जेवणावळ नाही. आत्या त्यावरून रुसली. "पंगत न उठवता पाहुण्यांना वाटेला लावायचं?" तिचं दुखणं कळतं मला. पण एका दुपारच्या ताटांसाठी दादांनी फंडातले पैसे काढावेत, हे मला अजिबात मान्य नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज काढणाऱ्या जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्याच जिल्ह्यातलं. कमी खर्चाची लग्नं त्यांनी तेव्हा लावून दाखवली!

ठरलं ते असं: उपीट, सुरळीची वडी, मठ्ठा आणि अर्थातच कंदी पेढा. खवा खरपूस भाजलेला असतो, त्यामुळे आदल्या दिवशी आणला तरी चिंता नाही. पत्रिकेवर 'अल्पोपहार' ठळक छापायचं, म्हणजे माणसं घरून जेवून येतील आणि वाई-कोरेगावची मंडळी दिवेलागणीला घरी पोचतील. आहेर नाही.

वड्या आत्या स्वतः करणार म्हणते. गरम उपीट वाढणारा चांगला आचारी कुणाला माहीत असेल तर सांगा.