आमची वाटचाल : फॉक्सप्रो ते एक्स-शार्प

सहकारी पतसंस्था आणि दूध संस्थांची किर्द, खतावणी, तेरीज आणि व्याज आकारणी यांचे प्रोग्रॅम लिहिणं हे आमचं काम. सुरुवातीची पॅकेजं डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ या डेटाबेसच्या भाषेत, नंतरची तिच्याच पुढच्या रूपात, व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये. मार्च २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगून टाकलं की ९.० नंतर पुढची आवृत्ती निघणार नाही. जानेवारी २०१५ मध्ये तिचा आधारही संपला. भाषा चालू ठेवा, नाहीतर सोर्स (तिचा मूळ कोड) खुला करा, ही मागणी जगभरच्या प्रोग्रामरांनी लावून धरली. कंपनीने 'सेडना' नावाचे जोडभाग खुले केले. मूळ कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याजोगा करणारा), रनटाइम (प्रोग्रॅम चालताना लागणारा भाग) आणि शोध वेगवान करणारं रशमोर हे मात्र कुलपातच राहिलं. आमच्या पुढच्या वाटचालीची दिशा या एका निर्णयाने ठरली.

एखाद्या कंपनीच्या हातातली भाषा खुली व्हावी का, यावर आमचं उत्तर स्पष्ट आहे : व्हावी, आणि कंपनीचा त्यातला रस संपण्याआधी व्हावी. यात भावनेचा प्रश्न नाही. दुरुस्ती कुठे करता येते आणि कुठे येत नाही, एवढाच प्रश्न आहे.

नेटवर्कवरच्या इंडेक्सचं, म्हणजे नोंदी पटकन शोधण्याच्या सूचीचं, उदाहरण घ्या. फॉक्सप्रो नोंदी डीबीएफ फाइलमध्ये ठेवतं. तिच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, नोंदींची संख्या चार बाइटमध्ये लिहिलेली असते. पाच-सहा काउंटरवरून एकाच वेळी नोंदी पडतात, तेव्हा विंडोज फाइलचा काही भाग त्या त्या मशीनवरच धरून ठेवते. त्यात वीज गेली की हेडरमधली संख्या आणि प्रत्यक्षातल्या नोंदी जुळत नाहीत. सीडीएक्स फाइलमधला इंडेक्स तर त्याहून आधी बिघडतो. यावर 'रीइंडेक्स' ही आज्ञा चालवू नये, कारण ते बिघडलेल्या सीडीएक्समधलीच माहिती खरी मानतं. सगळे टॅग, म्हणजे त्यातल्या एकेक सूच्या, काढून टाकायचे आणि इंडेक्सच्या व्याख्या आपल्या प्रोग्रॅममधून घेऊन नव्याने बांधायचे. तरी हा झाला बाहेरून केलेला इलाज. फाइल लिहिण्याचा क्रम रनटाइमच्या आत ठरतो आणि तिथे आपला हात पोचत नाही.

तीच गत एका फाइलवरच्या २ जीबीच्या मर्यादेची. एका व्यवहाराची नोंद २०० बाइटची धरली तर साधारण एक कोटी नोंदींना टेबल भरतं. मग वर्षवार टेबलं करा, मागचं खातं उतारा काढताना जोडून घ्या, असे उद्योग. रनटाइम ३२-बिटच राहिला तो वेगळाच.

फॉक्सप्रोचा डेटा मात्र वाचला, कारण डीबीएफची रचना पहिल्यापासून सगळ्यांना ठाऊक होती. कुठल्याही भाषेतून ती फाइल वाचता येते. माहितीची रचना खुली आणि तिच्यावर व्याजाची सूत्रं चालवणारी भाषा बंद, असा हा अर्धामुर्धा मोकळेपणा. आणि गंमत म्हणजे फॉक्सप्रो स्वतः दुसऱ्याच्या भाषेवर वाढलेली. डीबेस या आधीच्या डेटाबेस पॅकेजची भाषा आपल्या मालकीची, असं म्हणत अ‍ॅशटन-टेटने १९८८ मध्ये फॉक्सप्रोच्या मूळ कंपनीवर, फॉक्स सॉफ्टवेअरवर, दावा ठोकला होता. १९९१ मध्ये बोरलँडने अ‍ॅशटन-टेट विकत घेतली, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याच्या अटीमुळे तो दावा सोडावा लागला. तो टिकला असता तर मायक्रोसॉफ्टला १९९२ मध्ये विकत घ्यायला फॉक्स उरली असती का, शंकाच आहे.

याच घराण्यातल्या क्लिपर या भाषेचं नशीब बरं निघालं. मूळ सोर्स मिळाला नाही, पण स्वयंसेवकांनी 'हार्बर' हा खुला कंपायलर शून्यापासून लिहिला आणि तो लिनक्सवरही चालतो. फॉक्सप्रोला वाट सापडली ती आडवळणाने. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आपल्या सी-शार्प या भाषेचा 'रोझलिन' कंपायलर खुला केला. त्याच्यावर एक्स-शार्प हा खुला कंपायलर उभा राहिला, आणि त्यात फॉक्सप्रोची बोलीही आली. एका भाषेचं कुलूप निघालं तेव्हा तिच्याच कंपनीने बंद ठेवलेल्या दुसऱ्या भाषेला आसरा मिळाला. खुल्या सोर्सच्या बाजूने याहून भक्कम पुरावा आमच्याकडे नाही.

आम्ही आकारणीचे प्रोग्रॅम एक्स-शार्पमध्ये नेतो, नवे पडदे सी-शार्पमध्ये आणि डेटा पोस्टग्रेस या खुल्या डेटाबेसमध्ये ठेवतो. यात दगा देणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा पैशांची. फॉक्सप्रोत ०.१२५ दोन दशांशांत आणलं की ०.१३ येतं. सी-शार्पमधला डेसिमल आकडा आपणहून ०.१२ देतो, कारण नेमका मध्यावरचा आकडा तो सम अंकाकडे वळवतो. 'शून्यापासून दूर' हा पर्याय प्रत्येक ठिकाणी लिहून द्यावा लागतो. नाहीतर ठेवींच्या व्याजात पैशा-पैशाचा फरक पडत तेरीज जुळत नाही, आणि लेखापरीक्षक आधी तेच विचारतात.

दुसरी जागा तुलनेची. 'सेट एक्झॅक्ट' बंद असताना फॉक्सप्रो उजवीकडचा मजकूर संपेपर्यंतच तपासतं. 'पाटील' शोधलं की 'पाटीलबुवा'ही सापडतो. काही जुने शोध-पडदे या सवयीवरच चालतात. ते आधी शोधून वेगळे लिहावेत.

रिकाम्या तारखेला पोस्टग्रेसमध्ये जागा नाही, तिथे नल (किंमतच नाही अशी खूण) घालावं लागतं. मग कर्ज फेडल्याची तारीख 'रिकामी आहे का' असं तपासणारी प्रत्येक अट बदलते. खोडलेल्या नोंदीही डीबीएफमध्ये खुणेसह पडून असतात. त्या वगळल्याशिवाय मोजणी जुळवायची नाही.

सगळ्यात वेळखाऊ जागा मराठीची. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (संगणकात भारतीय लिप्या आणणारं कार्ड) भरलेला जुना डेटा इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीत असतो. तो अक्षरांच्या उच्चारक्रमाने साठवलेला असल्यामुळे युनिकोडमध्ये बऱ्यापैकी सरळ येतो. विंडोजच्या जुन्या फाँटांतला डेटा म्हणजे नुसते आकार. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर, अर्धी अक्षरं वेगळ्या क्रमांकांवर. नुसता तक्ता लावून भागत नाही, क्रमही उलटवावा लागतो. 'शिर्के', 'कुर्‍हाडे', 'विश्वनाथ' ही नावं चाचणीत ठेवली की बहुतेक चुका उघड्या पडतात.

रूपांतर झालं की निदान एक महिनाअखेर आणि एक व्याज आकारणी दोन्हीकडे चालवायची. किर्दीची रोजची शिल्लक पैशापर्यंत जुळेपर्यंत जुनं बंद करायचं नाही.

सोर्स खुला केला म्हणजे सगळं सुटतं, असंही नाही. इतक्या जुन्या कोडात इतरांकडून परवान्यावर घेतलेले तुकडे असू शकतात, ते काढल्याशिवाय कंपनीला काही देता येत नाही. सोबत चाचण्या आणि बिल्ड करायची, म्हणजे कोडापासून चालता प्रोग्रॅम बांधायची, पद्धत दिली नाही तर तो कोड वाचायलाच उरतो. सी-शार्पचा परवाना एमआयटी, म्हणजे अगदी मोकळा, असला तरी भाषेत काय यावं हे मायक्रोसॉफ्टच ठरवते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सी-शार्प जिच्यावर चालते त्या डॉटनेट प्रणालीच्या ६ व्या आवृत्तीतल्या 'डॉटनेट वॉच'मधून हॉट रीलोड (प्रोग्रॅम न थांबवता बदल लागू करण्याची सोय) काढून टाकलं गेलं. पण तो बदल सगळ्यांसमोर होता, ओरड झाली आणि काही दिवसांत सोय परत आली. फॉक्सप्रोच्या वेळी ओरड होती, समोर ठेवायला कोड नव्हता.

म्हणून नवं साधन निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहतो : परवाना, कंपायलर आपल्या मशीनवर सोर्सपासून बांधता येतो का, आणि मूळ कंपनीबाहेरचं कोणी तो बांधून वाटतं का. तिसरी अट जावा या भाषेने शिकवली. २०१९ मध्ये ओरॅकलने आपल्या जेडीकेचा (जावाचे प्रोग्रॅम बांधण्याच्या साधनसंचाचा) परवाना बदलला, तरी त्याचंच रूप असलेलं ओपनजेडीके आधीच खुलं असल्याने इतरांनी बांधलेल्या आवृत्त्या हाताशी होत्या.

हाच हिशेब आम्ही स्वतःलाही लावतो. करारात संस्थेला आमच्या प्रोग्रॅमचा सोर्स, कंपायलरची नेमकी आवृत्ती, डेटाबेसची रचना आणि बिल्डचे टप्पे मिळतात. दर आर्थिक वर्षाच्या शेवटी ते नव्याने दिले जातात. फॉक्सप्रोचे छापील अहवाल अजून जुन्याच रनटाइमवर आहेत, कारण अहवालाची मांडणी ठेवणारी एफआरएक्स फाइल एक्स-शार्पमध्ये तशीच चालवता येत नाही. ते एकेक करून नव्याने लिहिण्याचं काम चालू आहे. पासबुक छपाई सगळ्यात शेवटी घेणार, कारण डॉट मॅट्रिक्सवर ओळ मिलिमीटरभर सरकली तरी काउंटरवर रांग लागते.