जुन्या ट्रकसाठी नवं वायरिंग हार्नेस निवडताना

हार्नेस म्हणजे गाडीभरच्या वायरींचं एकत्र बांधलेलं जुडगं. त्याच्या किटवर ‘१२ सर्किट’, ‘२१ सर्किट’ असं ठळक छापलेलं असतं आणि बरीच खरेदी त्या आकड्यावरच होते. खरं तर तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. कारखान्यातून निघाल्यापासून गाडीत काय काय बदललंय, याची यादी आधी हातात हवी.

बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो, स्विच, मीटर सगळं मूळचंच असेल तर मूळ नमुन्याचं हार्नेस घ्या. वायरचे रंग मॅन्युअलमधल्या डायग्रॅमशी जुळतात, कनेक्टर थेट बसतात, पुढे फॉल्ट शोधणं सोपं जातं. पण डायनॅमोच्या जागी ६० अँपिअरचा अल्टरनेटर आलाय, वर जादा दिवे लागलेत, तर ते कमीच पडणार. तिथे युनिव्हर्सल किट बरं. त्यात प्रत्येक वायरवर तिचं काम छापलेलं असतं, मात्र टोकं मोकळी असतात; लांबी कापणं, टर्मिनल क्रिम्प करणं, म्हणजे वायरच्या टोकावर दाबून बसवणं, सगळं आपल्याकडे. चांगलं क्रिम्पिंग टूल नसेल तर या वाटेला जाऊ नका. पक्कडीने दाबलेलं टर्मिनल सुरुवातीला चालतं, मग हादऱ्यांनी ढिलं होतं आणि तापायला लागतं.

ऑर्डर देताना नुसतं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. १२ व्होल्ट की २४, पेट्रोल की डिझेल, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) किती, चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर वेगळा की अल्टरनेटरच्या आत, अ‍ॅमीटर (करंट मोजणारा) आहे की व्होल्टमीटर, डिपर पायाचा की हाताचा, हे सगळं सांगा. व्हीलबेस चुकला की मागच्या दिव्यांच्या वायरी आखूड पडतात आणि नव्या हार्नेसला पहिल्याच दिवशी जोड द्यावा लागतो.

आता वायरची जाडी. ६० वॉटच्या दोन हाय बीमना १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात. १ स्क्वेअर एमएमच्या ५ मीटर तांब्याच्या वायरमध्ये त्या १२ व्होल्टमधले जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात, आणि हॅलोजनचा उजेड तेवढ्यानेही पाव भागाच्या आसपास घटतो. अडीच स्क्वेअर एमएम घेतली तर घट ०.३५ व्होल्टवर येते. त्याहून चांगलं म्हणजे बॅटरीजवळ रिले बसवा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल. २४ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॉटला करंट निम्मा लागतो, पण रिले २४ व्होल्टचाच हवा, १२ चा जळतो.

वायरचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आतपर्यंत तांबं दिसलं पाहिजे. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरट धातू असेल तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे, परत करा. इन्सुलेशनही विचारून घ्या. साधं पीव्हीसी साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं, क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन १२५ पर्यंत. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या वायरींना क्रॉस-लिंक्डच हवं.

दोन जागा हमखास फसवतात. जुन्या पेट्रोल गाड्यांत इग्निशन कॉइलकडे (स्पार्कसाठीच्या) जाणारी वायर कित्येकदा रेझिस्टन्स वायर, म्हणजे मुद्दाम करंट कमी करणारी, असते. तिथे साधी वायर आली की कॉइल तापते, डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट जळतात. दुसरी जागा अ‍ॅमीटरची. चार्जिंगचा सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणून एक नट ढिला असला तरी डॅशबोर्डमागे आग लागू शकते. मोठा अल्टरनेटर असेल तर १० स्क्वेअर एमएमची वायर थेट बॅटरीला न्या, फ्यूज बॅटरीच्या टोकाशी लावा आणि अ‍ॅमीटरऐवजी व्होल्टमीटर बसवा.

अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पट्ट्या किटमध्ये बहुधा नसतात. केबिन रबरवर बसलेली असते, त्यामुळे इंजिन ते चासी आणि चासी ते केबिन अशा दोन पट्ट्या वेगळ्या घ्या. बोल्टखालचा रंग खरवडल्याशिवाय त्या कसू नका.

जुनं हार्नेस काढताना कनेक्टर कापू नका, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा आणि नवं चालू होईपर्यंत जपून ठेवा. बॅटरी जोडताना सगळे स्विच बंद ठेवून, निगेटिव्ह टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये गाडीच्याच व्होल्टचा २१ वॉटचा बल्ब लावा. तो भक्कन पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. एकेक फ्यूज काढत जा; ज्याला बल्ब विझेल त्या सर्किटमध्ये शोधा. सगळे काढूनही पेटलेलाच राहिला, तर स्टार्टरकडे जाणारी जाड केबल बघा, तिच्यावर फ्यूज नसतो.