बारा ते दीड

फ्रान्सच्या खेड्यात जेवायला जायचं तर भूक आधी घड्याळाला लावून घ्यावी लागते. दुपारी बारा ते दीड, संपलं. पावणेदोनला दारात उभं राहिलात तर आत पंधरा-वीस माणसं निवांत चीज खात बसलेली दिसतात, पण चूल विझलेली असते. मालकीणबाई अगदी गोड हसून ‘देझोले’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणतात आणि तुम्ही उपाशी. दक्षिणेकडच्या बऱ्याच गावांत चर्चचं घड्याळ तासाचे टोल दोनदा देतं, मध्ये एक-दोन मिनिटं सोडून. शेतातल्या माणसाचं पहिल्यांदा मोजायचं राहून गेलं तर पुन्हा मोजता यावं म्हणून म्हणे. स्वयंपाकघरात अशी सवलत नाही.

आम्ही राहतो तुलूजला. विमानांच्या धंद्यामुळे इथे आमच्यासारखी भारतीय मंडळी बरीच आहेत, आणि शनिवारी गाडी काढून कुठेतरी जायचं हा सगळ्यांचाच आजार. आमची गाडी उत्तरेला ऑब्राकच्या पठाराकडे वळते. रोदेझ मागे पडलं की रस्ता चढायला लागतो, झाडं कमी होतात, दगडी कुंपणांची हिरवी माळरानं सुरू होतात आणि त्यांत ऑब्राक जातीच्या गव्हाळ गाई चरताना दिसतात, डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या. लायोल, नासबिनाल, सेंट-शेली ही इथली गावं. ल् प्यूईहून स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट याच पठारावरून जाते. त्यामुळे अगदी छोट्या गावातल्या खाणावळीतही एखादं टेबल पाठपिशव्या आणि चिखलाचे बूट घेऊन बसलेलं असतं.

आत शिरताना ‘बोंजूर’ म्हणायचं, आणि तेही फक्त मालकीणबाईंना नाही, सगळ्या खोलीला. खोली उत्तर देते. तुमच्या शेजारून उठून जाणारा अनोळखी म्हातारा ‘बॉन अपेती’ म्हणून जातो. शहरात असं केलं तर लोक दचकतील. भिंतीवरच्या काळ्या पाटीवर खडूनं चार ओळी लिहिलेल्या असतात: सुरुवातीचं काहीतरी, मुख्य पदार्थ, चीज, गोड. पंधरा ते वीस युरोंत एवढं सगळं, कित्येक ठिकाणी वर पाव लिटर वाइन आणि कॉफीसुद्धा. मेन्यूकार्ड मागणाऱ्याला तीच पाटी पुन्हा दाखवतात.

माझी मावशी सांगलीहून आली होती तेव्हा तिला या पाटीचा फार राग आला. ती शुद्ध शाकाहारी, आणि चारांतल्या दोन ओळी डुकराच्या.

“अगं, आणखी काही नाही का यांच्याकडे?”

“मावशी, आज जे रांधलंय ते.”

“मग गिऱ्हाईक काय म्हणून येतं यांच्याकडे!”

प्रश्न बरोबर होता. ‘ग्राहक हा राजा’ हे वाक्य इथे कुणाला समजावता येणार नाही. इथे तुम्ही पाहुणे असता आणि पाहुण्यानं पानात पडेल ते खायचं असतं. मला स्वतःला हे आता फार बरं वाटतं. दिवसभर फोनवर, दुकानात, ऑफिसात काही ना काही निवडतच असतो की आपण. आठवड्यातून एक जेवण तरी दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असावं.

मावशीला वाचवलं ते आलिगोनं. ऑब्राकचा हा पदार्थ म्हणजे उकडून कुस्करलेले बटाटे, त्यात लोणी, साय, लसूण आणि भरपूर ताजं ‘तोम’, म्हणजे मीठ लावून मुरायला ठेवण्याआधीचं कोवळं दाबलेलं चीज. किलोभर बटाट्याला चारशे ग्रॅम तरी हवंच. मंद आचेवर लाकडी उलथन्यानं ते एकाच दिशेनं घोटत राहतात, मग सगळ्याची रेशमी तार सुटते. एरवी ते सॉसेजबरोबर वाढतात. मालकीणबाईंना मी मावशीची अडचण सांगितली, तर त्या खांदे उडवून आत गेल्या आणि पातेलंच घेऊन बाहेर आल्या. टेबलाशी उभं राहून त्यांनी उलथनं वर उचललं, ते डोक्याच्याही वर गेलं, तरी तार तुटेना. शेजारच्या टेबलावरचे यात्रेकरू फोटो काढायला लागले. मावशीच्या बशीत त्यांनी सॉसेजची भरपाई म्हणून दुप्पट आलिगो घातला.

मला राहवेना म्हणून मी आधीच सांगून टाकलं, की हे चीज करताना दूध जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, जुन्या पद्धतीनं.

मावशी बशीकडे बघत म्हणाली, “दिसतं का ते?”

“नाही.”

“मग सरकव इकडे.”

या जेवणात ताट-बशांचा थाट नसतो. पाव थेट कागदी टेबलक्लॉथवर ठेवायचा, पहिली बशी उचलताना मालकीणबाई सांगतात की काटा-सुरी ठेवून घ्या, दुसरी मिळायची नाही. म्हातारे शेतकरी तर ती सुरी हातातही धरत नाहीत. खिशातून आपला स्वतःचा लायोल चाकू काढतात, शिंगाच्या मुठीचा आणि पात्याच्या मुळाशी मधमाशी कोरलेला, त्यानंच मांस कापतात, चीज कापतात, शेवटी पावाच्या तुकड्याला पुसतात, तो तुकडा खातात आणि चाकू मिटून पुन्हा खिशात. धुण्याचं काम नाही. पाण्याची सुरई फुकट असते, पैसे देऊन बाटली मागवणारा परगावचा समजावा. वाइन बहुधा मार्सियाकची, याच जिल्ह्यातली, जराशी खरखरीत. शहरात कुणी तिचं नावही काढत नाही, पण आलिगोच्या तुपकटपणाला तीच पुरी पडते.

सगळ्या खेड्यांतलं जेवण असंच असतं असं मात्र समजू नका. पिशवी कापून गरम केलेलं, कारखान्यातलं ‘गावरान’ जेवण मी याच देशात खाल्लंय, तेही लाल चौकड्यांच्या टेबलक्लॉथवर. ही फसवणूक एवढी वाढली की 2014 साली सरकारला घरी शिजवलेल्या पदार्थासाठी खास खूण काढावी लागली, पातेल्यावर घराचं छप्पर. तीही फार मनावर घेऊ नये, कारण व्याख्येत गोठवलेल्या कच्च्या भाज्याही बसतात. माझी खूण सोपी आहे: पाटीवर जितक्या कमी ओळी तितकं बरं, आणि दाराबाहेर प्लंबर-गवंड्यांच्या पांढऱ्या गाड्या उभ्या असतील तर डोळे मिटून आत शिरावं.

अशी दारं कमी होत चालली आहेत हेही खरं. 1960 च्या सुमाराला फ्रान्समध्ये दोन लाखांच्या आसपास कॅफे होते, आता चाळीस हजारांच्याही खाली आलेत. ज्या गावात एकच उरलाय तिथे तोच पावाचा डेपो असतो, तंबाखूचं दुकान असतं, पार्सलं घेणारा आणि गॅसचे सिलिंडर ठेवणाराही असतो. दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावांतल्या अशा ठिकाणांसाठी 1993 पासून ‘बिस्त्रो द पेई’ नावाची एक चळवळच आहे. म्हणजे मालकीणबाई आलिगो घोटता घोटता मध्येच हात पुसून कुणाचं तरी पार्सल शोधायला जातात. आपण थांबायचं.

बिल मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही, तासभर बसा. उठून काउंटरशी जायचं आणि काय खाल्लं ते आपणच सांगायचं. टीप किमतीतच धरलेली असते, तरी मावशीनं दोन युरो ठेवलेच. मग मला मध्ये घालून कृती विचारली. मालकीणबाईंनी सगळं सांगितलं, फक्त ताजं तोम नसेल तर नाद करू नका, असं बजावलं. ते दूरच्या प्रवासात टिकत नाही.

सांगलीत पोचल्यावर मावशीनं नाद केला. पनीर घालून. “तार नाही आली,” फोनवर म्हणाली, “पण तुझ्या काकांनी दोनदा घेतलं. वर जिऱ्याची फोडणी दिली होती.”