पीओवरची ती एक ओळ

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना. मागं एका पार्टीनं कास्टिंगमध्ये (ओतलेल्या पीसमध्ये) ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं आहेत म्हणून साडेसहा लाखांचं बिल अडवलं, मी कोर्टातच जाणार होतो पण वकील म्हणाले आधी पीओ (पार्टीची खरेदीची ऑर्डर) काढून बघा, त्यात लवादाची अट लेखी होती, म्हणजे भांडण कोर्टाऐवजी दोघांनी नेमलेल्या त्रयस्थानं सोडवायचं. दोघांनी मिळून एक रिटायर्ड फाउंड्री इंजिनिअर लवाद म्हणून नेमले, त्यांनी पीस कापून घेतला, भोकांवर बोट फिरवलं आणि थेट साच्याच्या वाळूतल्या ओलाव्याचं विचारलं, तिथंच मला धीर आला. १९९६ च्या लवाद कायद्यानं दोन्ही बाजूंचे दावा-उत्तराचे कागद पूर्ण झाल्यावर १२ महिन्यांत निकाल द्यायचा असतो, दोघं तयार असतील तर आणखी ६, आणि तो कोर्टाच्या हुकुमासारखाच वसूल करता येतो. फी मात्र आधीच विचारून घ्या. आम्हाला चार लाख मिळाले, काही पीस खरंच आमचेच खराब होते.